वाघदरीची पहिली गाडी

१४ डिसेंबर, रविवार

अच्छाडला झेपलँड पार्कच्या नव्या रोलर कोस्टरचे ट्रेलर आलेत! चेकपोस्टच्या अलीकडे, ढाब्यासमोर ओळीने उभे. ताडपत्रीखालून रुळाचा वाकलेला तुकडा बाहेर डोकावत होता — केशरी! निळा नाही. आमचा कोस्टरवेड्यांचा सगळा ग्रुप महिनाभर निळा निळा करून भांडत होता आणि मी एकटी केशरी म्हणत होते.

दुकान बंद करून तलासरीहून धावत गेले. ढाब्यावर चहावर चहा पीत बसले, ड्रायव्हर आंघोळीला गेला तेव्हा फोटो काढले. ग्रुपवर टाकले तर नुसता दंगा. सुरतचा एक म्हणाला, "ताई, तुमचे पाय कुठे आहेत?" पाय! नाव विचारलं नाही कोणी.

संध्याकाळी ग्रुप चालवणाऱ्या भावेशच्या यूट्यूब चॅनेलवर तेच फोटो. कोपऱ्यात त्याचं नाव, खाली लिहिलेलं — "आमच्या सूत्रांकडून." डहाणूला चिकूच्या वाडीत झोपाळ्यावर बसून हा बातम्या देणार आणि ढाब्यावर धूळ खाणारी मी सूत्र.

१६ डिसेंबर

झेपलँडमधली जुनी 'भोवरा' राइड काढणार म्हणे. ग्रुपवर सगळ्यांची रडारड. मयूरीने मेणबत्त्यांच्या इमोजींची रांग लावली. ती आयुष्यात एकदा बसली आहे त्यात!

मी सातवीच्या सहलीला बसले होते. उतरल्यावर उलटी केली, तोंड धुतलं आणि परत रांगेत जाऊन उभी राहिले. बाई ओरडत होत्या, "संगिता, मर तिकडे!" त्या दिवसापासून हे वेड. आमच्या पाड्यात हे कोणाला सांगायची सोय नाही. दिपक म्हणतो, "आमच्या कंपनीतल्या लिफ्टमध्ये बस, फुकट हाय." लग्न व्हायचंय अजून, आणि आतापासून टोमणे.

२८ डिसेंबर

नव्या कोस्टरचं नाव फुटलं — 'वाघदरी'. थांबलेली गाडी एका दमात सुटणार, वर जाणार, उलटी होणार आणि शेवटी बोगद्यात घुसणार. उद्‌घाटनाच्या दिवशी लोकांना सोडण्याआधी पहिली गाडी फक्त आमच्या ग्रुपची! पार्कने कबूल केलंय. कोण बसणार ते भावेश ठरवणार.

मला त्या गाडीत बसायचंय. बस. दुसरं काही नको. देवाशप्पथ, लग्नाची साडीसुद्धा नको.

९ जानेवारी, शुक्रवार

आज आमच्या अंगणात पार्कची गाडी! मुंबईची डिझाइनर मॅडम उतरली. बोगद्याच्या भिंतींवर वारली चित्रं हवीत, आणि "ऑथेंटिक" हवीत. पाड्यात सगळ्यांनी आईचं नाव सांगितलं. सांगणारच. काळीचा हात म्हणजे काळीचा हात. आजूबाजूच्या पाड्यांतल्या लग्नांतसुद्धा भिंतीवर चौक काढायला तिलाच बोलावतात.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "लगीन कोणाचा हाय?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, आई, लग्न नाही, चित्रं फक्त. झाडं, माणसं, तारपा. आई तयार झाली. आणि तिच्याबरोबर मी — भाषांतर करायला, रंगासाठी तांदूळ वाटायला, काहीही करायला. पत्र्याच्या कुंपणाच्या आत! भावेश, मर आता जळून.

१२ जानेवारी

आत गेले. काय सांगू. खालून बघितलं तर मान मोडते. रुळाचा तो उलटा वळसा... मी नुसती उभी राहिले. वेल्डिंगवाला म्हणाला, "बाई, बाजूला व्हा."

आईला भिंत आधी शेणाने सारवायची होती. मॅडमने नाक मुरडलं. गेरूच्या रंगाच्या बादल्या आणल्या होत्या, त्यावर भागवलं. आईचा चेहरा तेव्हाच उतरला होता, मी बघूनही बघितलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तरी काम.

बोगद्याच्या तोंडाशी सगळ्यांत मोठी भिंत आहे. मॅडमने मोबाइलवर चौकाचा फोटो दाखवला, "हे पाहिजे." आईने बराच वेळ विचार केला. मग चौक काढला. चारी बाजूंची नक्षी, एकात एक पट्टे, इतके सरळ की वाटावं पट्टी धरली. मधला चौकोन कोरा सोडला आणि काडी धुवायला घेतली.

मॅडम म्हणाली, "मध्ये काय येणार?"

आई म्हणाली, "पालघट देवी. पण तिला लग्नालाच बोलवायची. लगीन नाय तर ती कशाला येईल?"

आमच्यात असंच आहे. देवी चौकात बसली की लग्न लागतं. सवाशिणीने चौक काढायचा, लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हणून देवाला बोलवायचं. चौक नाही तर लग्न नाही, मग कितीही मंडप घाला. होळीनंतर, चैत्रात, माझा चौक आईच काढणार आहे. भिंतही ठरलीय.

पण मॅडमला हे सगळं कोण सांगणार? काम जाईल, मग माझं आत येणंही जाईल. मी म्हटलं, "ते नंतर करणार आहे ती."

नंतर! काय पण शब्द सुचला.

१७ जानेवारी

चौकाचा चोरून काढलेला फोटो भावेशला पाठवला. पहिल्या गाडीच्या यादीत नाव घालणार ना, म्हणून. त्याने पाच मिनिटांत ग्रुपवर टाकला. मग सुरू! मधल्या कोऱ्या चौकोनातून वाघ उडी मारणार. नाही, तिथे स्क्रीन आहे. नाही, तो दरवाजा आहे, गाडी तिथून मागे फिरणार. पुण्याच्या एकाने तर मोजमाप काढून आकृती पाठवली.

मी खरं काय ते लिहिलं. लग्न नाही म्हणून देवी नाही, म्हणून कोरा. मयूरीने हसरा चेहरा टाकला, "हाऊ क्यूट!" भावेशने वेगळा मेसेज केला — "ताई, सस्पेन्स मारू नको ना. कंटेंट आहे तो."

माझी आई कंटेंट.

२३ जानेवारी

भावेशचा व्हिडिओ — 'कोऱ्या चौकोनाचं रहस्य'. लोक वेडे झालेत. पार्कवाले खूश. आणि आता मॅडम म्हणते, पब्लिक वाट बघतंय, उद्‌घाटनाला तो चौकोन भरलेला हवा. देवी काढा.

आई नाही म्हणाली. मॅडमने जास्तीची मजुरी सांगितली. आईने हात धुतले, पदराला पुसले, आणि वाघदरीच्या खालून चालत थेट घरी. राहिलेली झाडंही अर्धवट. मी मागून हाका मारत होते. वळली नाही.

घरी आल्यावर मी भांडले तिच्याशी. "एवढं काय त्यात! चित्रच आहे!" आई भाकरी थापत होती, थापत राहिली.

२ फेब्रुवारी, सोमवार

यादी आली.

मी नाही त्यात.

पुन्हा वाचली. मयूरी आहे. तिचा भाऊ आहे — त्याला उंच इमारतीच्या गच्चीवरसुद्धा गरगरतं! सुरतवाला आहे. ज्याने निळा रूळ म्हणून पैज लावली तोसुद्धा आहे.

भावेशला फोन केला. तो हसला. "अगं ताई, तू तर आतलीच ना! तुला कशाला यादी? एंट्रीला तारपा डान्स ठेवलाय, मॅडमला तुझं नाव मीच दिलंय. साडी गुडघ्यापर्यंत नेसून, केसात फुलं... मस्त फोटो येतील!"

म्हणजे ते गाडीत बसणार आणि मी दारात नाचणार. रुळाचा प्रत्येक तुकडा मी पाहिलाय येताना. केशरी मी सांगितलं! "बरं" म्हणाले. मेली माझी जीभ तिथे "बरं" म्हणाली.

५ फेब्रुवारी

मॅडमचा फोन. "संगिता, तू काढ ना मधलं. आईचं बघून शिकलीच असशील. पहिल्या गाडीत पुढची सीट तुझी. मी शब्द देते."

मी म्हटलं, माझं लग्न झालेलं नाही. ती म्हणाली, "सो?"

६ फेब्रुवारी

हो म्हणाले.

८ फेब्रुवारी, रविवार

आईला सांगितलं, दुकानात माल आलाय.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा काढली. आई काढते तशीच. आधी धड, मग हात, मग डोक्यावर त्या काड्या. वाटलं होतं हात कापेल. कापला नाही! त्याचाच राग येतोय मला. पाऊण तासात देवी बसली आणि छान बसली. मॅडमने मिठी मारली.

आम्ही फोटोसुद्धा काढला, मी आणि मॅडम, मध्ये देवी. धवलेरी नाही, गाणी नाही, नवरानवरी नाही. बाजूला सिमेंटच्या गोणी.

चित्रच आहे. चित्रच आहे.

३ मार्च, होळी

बाबा मासेमारीच्या बोटीवरून घरी आले. लग्नाची तारीख धरली — एप्रिलचा दुसरा आठवडा. दिपकच्या घरचे आले होते. बायजी धवलेरीला सांगून झालं. आई आज किती बोलत होती! कुठली भिंत, कुठले तांदूळ, सगळं. मी मध्येच उठून पाणी आणायला गेले. घरात पाणी होतं.

२१ मार्च, शनिवार

पहिल्या गाडीत बसले! सगळ्यांत पुढे!

खोटं कशाला लिहू — तसलं काही मी आयुष्यात अनुभवलेलं नाही. सुटली तेव्हा पोट मागेच राहिलं. वर गेल्यावर एक क्षण सगळं दिसलं, हायवे, ट्रक, आमच्या बाजूचे डोंगर. मग गाडी उलटी. मी किंचाळत होते आणि रडत होते. त्या एवढ्या वेळात मला कोणाचा राग आला नाही.

मग बोगदा. काळाकुट्ट अंधार. एक सणक, आणि बाहेर.

उतरल्यावर मयूरीला विचारलं, "चित्रं दिसली?"

"कुठली चित्रं?"

कोणाला काही दिसलं नाही. दिसणारच नाही. त्या वेगात, त्या अंधारात कोण बघतंय? आईने दिवस दिवस मान वर करून काढलेली ती झाडं. माझी देवी. भावेश मागच्या रांगेत होता, त्याने स्वतःच्या तोंडाचा व्हिडिओ काढला.

दारात पाड्यातल्या पोरी नाचत होत्या. जाताना त्यांच्याकडे बघितलं नाही मी.

२२ मार्च

भावेशला पार्कने बोगद्याचं शूटिंग दिलं — दिवे लावून केलेलं. 'अखेर रहस्य उलगडलं!' देवी अख्ख्या स्क्रीनभर. खाली माझा आणि मॅडमचा फोटो. आता माझं नाव लिहिलंय त्याने! आडनावासकट! इतके महिने सूत्र होते, आणि नेमकं आत्ताच बरं नाव सापडलं त्याला.

दुपारपर्यंत पाड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर. बायजी काठी टेकत आली. ओट्यावर बसली, पाणीही घेतलं नाही. आईला म्हणाली, "पोरीन तुझ्या देवी बसवलीन. कोणाच्या लग्नाला?" बायजी उठून गेली.

मग आईने माझा मोबाइल मागितला. तिला चालवता येत नाही, बोटाने देवी मोठी कशी करायची ते मी दाखवलं. बराच वेळ बघत होती. मी वाट बघत होते — मार, शिव्या दे, काहीतरी कर.

म्हणाली, "हात चांगला हाय तुझा."

मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला आणि शेळ्या बांधायला गेली.

२५ मार्च

ग्रुपवर नवीन चर्चा. 'वाघदरी' जुनी झाली! चार दिवसांत! आता म्हणे भोवऱ्याच्या जागी पाण्यातला कोस्टर येणार. निळा की हिरवा. भावेशने विचारलं, "ताई, अच्छाडला काही दिसलं तर कळव हं."

ग्रुप सोडला. 'संगिता यांनी ग्रुप सोडला' एवढी ओळ आली असेल, तिच्यावर लगेच कोणीतरी पाण्याच्या कोस्टरचा फोटो टाकला असेल.

३१ मार्च

बाबांनी भिंतीची डागडुजी केली. शेण आणलंय. तांदूळ काढून ठेवलेत. आई कशालाच हात लावत नाही. मी विचारलं नाही. विचारायचं धाडस नाही, आणि वर तिचाच राग येतो. एवढी काय ती! शेजारची सुनिता कालपासून माझ्याशी बोलत नाही. बोलू नको! गेलीस उडत!

रात्रभर भिंतीकडे तोंड करून झोपले.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी मीच विचारलं — आई, चौक कधी काढायचा?

"तुझा चौक मी नाय काढणार. पाड्यातली दुसरी कोणी पण नाय काढणार, सगळ्यांना विचारून आले मी." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझा लगीन लागला, बाय. तिथं, त्या गाडीशी."

दिपकला अजून सांगितलेलं नाही.