नवव्या मात्रेवरच्या श्वासाबाबत

प्रति,
मा. कल्याण अधिकारी साहेब,
यंत्रमाग कामगार सभागृह,
अक्कलकोट रोड, सोलापूर.

विषय : रविवारच्या श्रवणसभेची परवानगी रद्द न करणेबाबत, तसेच या अर्जातील कारण सुनावणीत मोठ्याने न वाचणेबाबत.

संदर्भ : १) सभागृहात मृतात्म्यास बोलावले जाते, अशी आपणाकडे आलेली निनावी तक्रार.
२) आपली नोटीस, दि. ३ नोव्हेंबर २०२५.
३) माझा खुलासा, दि. ७ नोव्हेंबर २०२५ (हा मी मागे घेत आहे).

महोदय,

१. मी खाली सही करणार ‘धोटा’ श्रोते मंडळाचा कार्यवाह आहे. पोटापाण्यासाठी यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की ज्याच्या नावाने हाका मारतात तो. ‘धोटा’ हा आपल्याच शहरातला रॉक बँड. त्यांचे एकेक गाणे दहा-बारा मिनिटे चालते, ताल मध्येच बदलतो आणि वरातीत ते वाजवता येत नाही. यावर नाचायचे कसे, असे लोक विचारतात. नाचायचे नाही, बसून ऐकायचे. इतकी साधी गोष्ट मी चौदा वर्षे समजावून सांगत आहे आणि आता आपणास लेखी सांगण्याची वेळ आली, याचे मला वाईट वाटते.

२. मंडळाची एक रीत आहे. नवा अल्बम आला की कोणी तो घरी आधी ऐकायचा नाही. रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांनी सभागृहात जमायचे, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकत्र ऐकायचे. मोबाईल बंद, बोलणे बंद, चहा नंतर. मग प्रत्येकाने वहीत आपले मत लिहून खाली सही करायची. बिनसहीचे मत आम्ही धरत नाही. तक्रारदाराने हीच शिस्त पाळली असती तर त्यांच्याशी समोरासमोर बोलता आले असते.

३. बँडचे गायक शिवकुमार, आमचे शिवू, दोन वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावर अपघातात गेले. वय एकतीस. त्यांची बरीच गाणी अकरा मात्रांची आहेत. आठ मात्रा ते गात, नवव्या मात्रेवर सगळी वाद्ये थांबत आणि त्या कोऱ्या जागेत शिवू तोंडाने श्वास घेत. तो श्वास माईकमधून शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाई. मग उरलेल्या दोन मात्रा. इतर गायक श्वास लपवतात, शिवूंनी त्याला गाण्यात जागा दिली होती. कार्यक्रमात आम्ही सारे तिथे त्यांच्याबरोबर श्वास घ्यायचो. कोणी शिकवले नव्हते, आपोआप व्हायचे.

४. यंदा सप्टेंबरात ‘उभा धागा’ हा नवा अल्बम आला. गायक नवे, श्री. महेश्वर, वय चोवीस. शेवटचे गाणे शिवूंनीच रचलेले, पण रेकॉर्ड करायचे राहून गेले होते. महेश्वर यांनी ते गाताना नववी मात्रा रिकामी सोडली आहे. तिथे ते श्वास घेत नाहीत. ती जागा आपली नव्हे, असे त्यांचे म्हणणे. यावरून मंडळात उभी फूट पडली. वहीतली काही मते देतो, म्हणजे वातावरणाची कल्पना येईल. “आवाज सोन्यासारखा हाय, पण माणूस दुसरा हाय.” “पोरानं मान राखला, अजून काय पाहिजे?” “मान राखायला हे स्मारक हाय का गाणं? श्वास घे की बाबा!” नातेपुत्याहून येणाऱ्या एका सभासदाने फक्त “न्हाय” एवढेच लिहून सही केली आहे. माझे मत मी तीनदा लिहून तीनदा खोडले.

५. आता मूळ मुद्दा. पहिली श्रवणसभा ५ ऑक्टोबर रोजी झाली. हजर चाळीस. शिवूंच्या आई श्रीमती शांतम्मा यांना आम्ही मानाने पहिल्या रांगेत बसवले होते. त्यांनी उभा जन्म मागाच्या कांड्या भरण्यात घालवला, म्हणजे मागावर आडवे सूत नेणारा जो धोटा, त्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळण्यात. कानाने अजून तीक्ष्ण आहेत. शेवटच्या गाण्यात नववी मात्रा आली, वाद्ये थांबली, महेश्वर थांबले, आणि त्या रिकाम्या जागेत श्वास ऐकू आला. तोंडाने घेतलेला, किंचित खरखरीत, शिवूंचाच. पुढच्या ओळीला पुन्हा. गाण्यात अशा बावन्न ओळी आहेत. शांतम्मा मागे वळून म्हणाल्या, “शिवू दम घेतोय की. तुमाला ऐकू येत न्हाय व्हय?” कोणालाही ‘नाही’ म्हणता आले नाही, कारण सर्वांना ऐकू आला होता. तेव्हापासून त्या दर रविवारी येतात. मुलगा गेल्यापासून त्या कोणाशी धड बोलत नसत. आता शनिवारी संध्याकाळीच इस्त्रीचे लुगडे काढून ठेवतात, असे त्यांची सून दानम्मा सांगते. बाहेर जी कुजबुज झाली आणि आपणाकडे जी तक्रार आली, ती यावरूनच.

६. मी यंत्रावर काम करणारा माणूस आहे. भुताने माग बंद पडला, असे मालकाला सांगून माझे भागत नाही, कारण शोधावेच लागते. म्हणून मी महेश्वर यांना गाठले. जुन्या रेकॉर्डिंगचा तुकडा चुकून राहिला असेल, असा माझा कयास होता. त्यांनी संगणकावर ते गाणे उघडून दाखवले. नवव्या मात्रेला पडद्यावर सरळ रेघ, आवाज शून्य. घरी एकट्याने ऐकले तर मलाही काही ऐकू आले नाही. मग महेश्वर स्वतः सभागृहात आले, शेवटच्या रांगेत बसले, आणि त्यांनीही तो श्वास ऐकला. पुढचे दोन कार्यक्रम त्यांनी घसा बसल्याचे सांगून रद्द केले. घसा ठणठणीत होता.

७. आपली नोटीस आल्यावर मी गाण्याऐवजी माणसांकडे पाहिले, आणि मला कारण सापडले असे वाटले. नवव्या मात्रेला चाळीसही जणांच्या छात्या एकदम वर येत होत्या. चौदा वर्षांची सवय. गायक बदलला तरी आमची फुप्फुसे जुन्याच गायकाबरोबर चालत होती. कोणी कोणाला बोलावले नव्हते, श्वास आमचाच होता. मोठ्या आनंदात मी दि. ७ चा खुलासा लिहून आपल्या टेबलावर ठेवला. तो आईंच्या कानावर गेला तर त्यांच्याकडे काय उरेल, हा विचार मला त्या वेळी शिवलासुद्धा नाही. याची मला लाज वाटते.

८. खुलासा पुराव्यासह असावा म्हणून काल, रविवार दि. १६ रोजी, आम्ही परीक्षा घेतली. आईंना सांगितले नाही. बाकी सर्वांनी ठरवले की नवव्या मात्रेला तोंडावर रुमाल धरायचा आणि श्वास रोखायचा. महेश्वरही मागे रुमाल धरून बसले. शेवटचे गाणे लागले. आठ मात्रा झाल्या. वाद्ये थांबली. सभागृहात चाळीस माणसे आणि एकाचाही श्वास नाही, अशी शांतता मी कधी अनुभवलेली नाही.

श्वास आला.

साहेब, क्षणभर मला वाटले की तक्रारदार खरे बोलत आहे. मग मी आवाजाच्या रोखाने पाहिले. पहिल्या रांगेत शांतम्मा डोळे मिटून बसल्या होत्या. आठवी मात्रा संपत आली की त्यांची हनुवटी जराशी वर जाई, ओठ उघडत आणि त्या श्वास घेत. तोंडाने, किंचित खरखरीत. पुढच्या ओळीला पुन्हा तेच, एका मात्रेचीही चूक नाही. कांड्या भरताना त्या कानडी पदे म्हणत आणि लहानगा शिवू त्यांच्या मांडीला टेकून बसलेला असे, हे आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक आहे. शिवूंनी तो श्वास कोठून घेतला, हे मला काल कळले. चौदा वर्षे आम्ही त्यांचा म्हणून जो श्वास घेत आलो, तो या बाईंचा आहे.

आणि त्यांना हे माहीत नाही. गाणे संपल्यावर त्यांनी शेजारी बसलेल्या अंकिताचा हात धरला आणि म्हणाल्या, “आज लई साफ ऐकू आला गं. एकटाच होता. ऐकलंस की न्हाय?” अंकिता शाळेत शास्त्र शिकवते, मंडळात सर्वांत जास्त वाद घालणारी तीच. ती म्हणाली, “व्हय आई, ऐकला.” चहा न घेता सगळे निघून गेले. महेश्वर पायऱ्यांवर बसून रडत होते. मला म्हणाले, “काका, मला वाटायचं शिवू माझ्यावर रागावलेत.” कालच्या वहीत कोणीही मत लिहिलेले नाही. चाळीस कोऱ्या ओळी आणि त्यांखाली चाळीस सह्या आहेत.

९. गुरुवार दि. २० रोजी सुनावणी आहे. तक्रारीत नाव असल्याने शांतम्मांनाही बोलावणे गेले आहे. आपल्या कार्यालयाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक खुलासा संबंधितांसमोर मोठ्याने वाचला जातो, आणि कोणाला मराठी अडले तर शिपाईमामा कानडीत समजावून सांगतात. एरवी या पद्धतीचे मी कौतुकच केले असते. परंतु मुद्दा ८ वाचला गेला की त्या बाई पुन्हा कधी त्या गाण्यात सहज श्वास घेऊ शकणार नाहीत. स्वतःकडे लक्ष गेले की माणसाचे साधे चालणेसुद्धा बिघडते. मग नववी मात्रा खरोखरच रिकामी राहील, आणि त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल. या वेळी तो माझ्या अर्जाने जाईल.

१०. सबब नम्र विनंती की,
(अ) दि. ७ चा खुलासा फाईलमधून काढून मला परत द्यावा.
(आ) रविवारची परवानगी चालू ठेवावी. आपणास खात्री करायची असल्यास अवश्य यावे, शेवटच्या रांगेत बसावे आणि कृपा करून पहिल्या रांगेकडे पाहू नये.
(इ) सुनावणीत हा अर्ज न वाचता सोबतचा वेगळा खुलासा वाचावा. “आम्ही कोणास बोलावत नाही, श्वास कोठून येतो ते आम्हास समजलेले नाही” एवढेच त्यात आहे. यावरून आमच्यावर अंधश्रद्धेचा ठपका आला तर तो मी माझ्या एकट्याच्या नावावर घेईन. आयुष्यभर कारणे शोधणाऱ्या माणसाला हे जड जाते, पण घेईन.
(ई) कागदावरचे खरे कारण वाचल्याशिवाय परवानगी देताच येत नाही, असा नियम असल्यास हा अर्ज सुनावणीपूर्वीच नामंजूर करावा आणि सभागृहाला खुशाल कुलूप लावावे. आई मला बोल लावतील, आपणासही लावतील. म्हणतील, माझं पोर आत हाय आणि तुमी दार लावलंत. ते आपण दोघांनी ऐकून घेऊ.

आपला, या एका बाबतीत खोटे वाचण्याची विनंती करणारा,

(सही)
प्रभु गुरुसिद्ध कलशेट्टी
कार्यवाह, ‘धोटा’ श्रोते मंडळ
सोलापूर, दि. १७ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) मतांच्या वहीच्या झेरॉक्स, पाने सहा.
२) चाळीस सभासदांचे संमतीपत्र. त्याखाली श्री. महेश्वर यांचीही वेगळी सही आहे.
३) सुनावणीत वाचायचा खुलासा, एक पान. कृपया हाच वाचावा, आणि सावकाश वाचावा, म्हणजे आईंना नीट ऐकू जाईल.