कोणाले सांगजो नको

१० जानेवारी, शुक्रवार

तंबू आला! निळा आहे. आमच्या पोराने, धम्मदीपने, मोबाइलवरून मागवला. अंगणात उभा करून पाहिला, तर आत तिघंच मावतात, आम्ही पाच. आमची बायको जनका म्हणाली, "मी भायेर निजतो चांदण्यात. या थैलीत तुम्हीच घुसा मायलेकरं."

उद्या निघायचं. वरवट बकालच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी धम्मदीपच्या दोस्ताचं वावर आहे. बाजूला नाला. नातीला, समताला, दोन दिवसांपासून झोप नाही. तिच्याएवढीच मलाही नाही, पण म्हाताऱ्याने तसं सांगायचं नसतं.

संध्याकाळी तिने शाळेतली पाण्याची बाटली हरवली. या महिन्यातली दुसरी. सूनबाई मयुरी वैतागली — "इच्याजवळ काहीच देत नका जाऊ हो! ही पोट्टी उद्या आपलं डोकं विसरून येईन कुठं!" समता पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी. जनका तिच्याकडे बघत होती. हात आपल्याच गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या, डोरल्याच्या पोतीवर. त्या पोतीचा दोरा विरला आहे. बाजाराच्या दिवशी नांदुऱ्याला जाऊन नव्याने गाठवून आणायची, असं दिवाळीपासून चाललंय.

११ जानेवारी, शनिवार — वावरातून

वही सोबत आणली हे बरं केलं. समोर डोंगर. नाल्याला अजून पाणी आहे, गुडघ्याएवढं, बोलकं.

तंबू नांगरलेल्या जागेत ठोकला — खाली मऊ लागतं म्हणून. जरा वेळापूर्वी पाण्याकाठी बसून मी समताला आमच्या चौथीतली नदीची कविता म्हणून दाखवली. चाल तीच, गुरुजींची, मान हलवायची सुद्धा तीच. वडनेरच्या शाळेची ती खिडकी, पाटीवरचा ओल्या फडक्याचा वास... तिसऱ्या कडव्यावर अडलो. घरी तिच्याकडून पाठ करवून घेतली होती, मग तिलाच विचारलं. तिने आठवून सांगितलं, आणि वर — "आबा, तुम्हीच शिकवली ना, मंग तुम्हीच भुलले?"

जेवायला रोडगे! गोवऱ्या जळून निखाऱ्यांचा आर पडला की कणकेचे गोळे त्यात दडपायचे. जनकाने परात भरून कणीक मळली. मळताना मध्येच थांबली, समताला जवळ ओढलं आणि तिच्या कानात काहीतरी बराच वेळ कुजबुजली. पोरीचे डोळे हे एवढे मोठे! गुळाचा खडा कुठे ठेवलाय ते सांगितलं असणार.

समताने आपला वेगळा रोडगा केला, परातीच्या आड पाठमोरी बसून. वाकडा, मुठीएवढा. वर अंगठ्याचा ठसा. आपल्या हातानेच आरात दडपला. "हा मह्या. याले कोणी हात लावायचा नाही."

वारा सुटलाय. तंबूचं कापड फडफडतंय. एक खुंटी हलतेय असं वाटतं, उठून बघाय

१२ जानेवारी, रविवार

खामगाव. दवाखाना. जनकाचा खुबा मोडला.

१३ जानेवारी, सोमवार

ऑपरेशन उद्या आहे. आज जरा सवड मिळाली, म्हणून लिहितो.

डोंगरावरून वारा असा उतरला की तंबू खुंट्यांसकट उचलला गेला. नांगरलेल्या जमिनीत खुंटी धरत नाही हो! गुरांच्या दवाखान्यात जन्म काढला मी, खुंट्याला बांधलेली जनावरं बघण्यात. मला कळायला नको? पण मी नदीच्या कवितेत. तंबू उडाला तशी जनका धावली. पाय तंबूच्या दोरात अडकला. पडली ती बांधाच्या दगडावर. पाय बाहेर वळलेला पाहिला आणि मला लगेच कळलं. "हलवू नका तिले!" मी ओरडलो.

गाडी दूर, सडकेवर. तेवढ्यात तुळशीराम आला — तिकडेच बकऱ्या चारतो, माझ्याच वयाचा. त्याने घोंगडी पसरली. त्याने आणि धम्मदीपने झोळी करून तिला नेलं. "आवाज कर बाई, जेवढा कराचा तेवढा कर, लाजू नको," म्हणत होता चालताना. तिने खरंच ऐकलं त्याचं. त्या वावरात जनकाचा आवाज, आणि मागे मी, हातात रिकामी परात. कशाला उचलली होती देव जाणे.

तंबू, भांडी, सगळं तिथेच टाकून आलो.

१४ जानेवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात, चालतील. बसून रडलो थोडा.

१५ जानेवारी, बुधवार

जनका शुद्धीवर आहे. पहिलं वाक्य — "पोरगी जेवली का?" दुसरं — "पोत समताजवळ देली व्हती. दोरा तुटन म्हणून काढली."

मयुरीने कपाळावर हात मारला. "आई! सोन्याचं डोरलं त्या लेकराजवळ? मह्याजवळ काऊन नाही देलं?"

"तूच म्हणे ना, इच्याजवळ काही देऊ नका. म्हणून देलं."

मला ती कुजबुज आठवली. गुळाचा खडा म्हणे! आणि मी तिथेच, दोन हातांवर बसलो होतो.

१६ जानेवारी, गुरुवार

जनकाजवळ दवाखान्यातली आया बसवून घरी आलो. इतके दिवस शेजारी ठेवलेल्या समताला विचारलं. सगळ्यांनी विचारलं. धम्मदीपने मांडीवर घेऊन, मयुरीने चॉकलेट देऊन, मग डोळे वटारून. पोरगी ओठ घट्ट मिटून. ना होय, ना नाही.

फोन लावून दिला जनकाला. मोबाइलवर एकमेकींचे चेहरे दिसत होते. आम्ही तिघं भोवती वाकलेलो. "समे, पोत कुठं हाय वं?" पोरीने आजीकडे बघितलं, मग एकेक करून आमच्याकडे, आणि मान खाली घातली.

"पाडली तिनं," मयुरी म्हणाली. "पाडली, आन् आता भेवून राह्यली." आणि एक चापट दिली. दिल्यावर स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन रडली. चार रात्री दवाखान्यात बसून काढल्यात तिने, तिलाही काय बोलणार.

समता रडली नाही. माझ्याजवळ येऊन बसली. मला काही सुचेना, म्हणून नदीची कविता म्हटली. तिसऱ्या कडव्यावर परत अडलो! दिवसभर न बोललेली पोरगी हळूच पुढचं म्हणाली. मग पुन्हा ओठ बंद.

आजी कधी येणार, एवढंच विचारते. लहान मुलांना दवाखान्यात वर सोडत नाहीत.

१७ जानेवारी, शुक्रवार

मी आणि धम्मदीप वावरात जाऊन आलो. राख चाळली. नाल्याची वाळू हाताने उपसली. काही नाही. रोडगे रानडुकरांनी उकरून नेलेले.

तुळशीराम आला. आमचा तंबू त्याने घडी करून झाडाखाली ठेवला होता, वर दगड. भांडी घासून! "बाई कशी हाय?" पहिलं हेच. धम्मदीपने पोतीचं विचारलं. म्हणाला, "नाही दिसली बापा. दिसती तं या भांड्याईसंगच ठेवली असती." साधं बोलला. पण धम्मदीपच्या आवाजातलं काहीतरी त्याला कळलं असावं. मग थांबला नाही, बकऱ्यांमागे निघून गेला.

परतताना गाडीत धम्मदीप — "आपण गेल्यावर तिथं तोच होता ना, बाबा? भांडे घासून ठेवले म्हणजे काय साव झाला?" सोमवारी आईला घरी आणू, मंगळवारी पोलिसांत त्याचं नाव देऊ म्हणतो.

ज्याच्या घोंगडीतून आईला नेलं त्याचं नाव द्यायचं! पण पोत गेली कुठे, याचं उत्तर माझ्याकडे तरी कुठे आहे?

जेवताना तेच बोलणं पुन्हा निघालं. समता एकदम म्हणाली, "तुळशीरामआजोबानं नाही नेली." घास हातातच राहिला सगळ्यांचा. "मंग कोणं नेली? सांग!" दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं पोरीने.

१८ जानेवारी, शनिवार

आज एक गोष्ट कळली आणि मन हललं.

समताच्या दप्तराला मुंग्या लागल्या. मयुरीने उपडं केलं तर आतून काय निघावं — तो रोडगा! त्या गोंधळात, आम्ही सगळे झोळीमागे धावत असताना, पोरीने आरातून स्वतःचा रोडगा काढून आणला. बोट भाजलंय, फोड वाळलाय. आम्हाला कुणाला दिसलाही नव्हता तो. रोडगा काळा, दगडासारखा. मयुरी बकरीला टाकायला निघाली, तशी समता अशी किंचाळली की शेजारच्या सिंधूताई धावत आल्या!

मी घेतला रोडगा मयुरीच्या हातून. "राहू दे. आठवण हाय तिची."

माझ्यावरच गेली ही पोरगी. शाळेच्या शेवटच्या दिवशी मी खडूचा तुकडा खिशात घालून आणला होता, तो अजून ट्रंकेत आहे. रानातला तो एक सुंदर दिवस, वारा सुटायच्या आधीचा — तिने त्याचा तुकडा जपला. माणूस काय काय जपतो!

समताने मला बाजूला नेलं. "आबा, तुमच्याजवळ ठेवा. कोणाले देजो नको. फोडजो नको. आन् उंदरापासून सांभाळजा."

गंभीरपणे हो म्हटलं. माझ्या लाकडी कपाटात ठेवला, धोतरांवर.

१९ जानेवारी, रविवार

उद्या जनका येणार. मयुरीने खाट खिडकीपाशी घेतली.

दुपारी कपाट उघडलं आणि त्या रोडग्याचा वास आला — गोवऱ्यांचा, आईच्या चुलीचा. राहवेना. एक कड मोडून दुधात बुडवावी म्हटलं. जरा कुरतडलीही! दात हलला, सोडून दिलं. कपाटाचं दार लावायला विसरलो, ते आत्ता लक्षात आलं. रोडगा जागेवरच सापडला. उंदीर आला नव्हता.

२० जानेवारी, सोमवार

जनका घरी. समताने माझ्याकडून रोडगा मागून घेतला, उलटसुलट बघितला. "आबा, हे कोणं खाल्लं?" मी छताकडे पाहिलं. मग तिने आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं. "आबा, तुम्ही बी." दार लोटलं.

थोड्या वेळाने आतून जनकाची हाक — "अहो, खलबत्त्यातला बत्ता आणा!"

एका घावात रोडगा फुटला. आत पिवळं डोरलं, काळे मणी, दोरा सुद्धा तसाच.

"तूच म्हणे ना, कोणाले सांगजो नको," समता आजीला म्हणाली. आणि तेव्हा कुठे रडली.

मयुरी तिच्या भाजलेल्या बोटाला धरून खाली बसली. धम्मदीपने गाडीची चावी घेतली, तुळशीरामकडे जातो म्हणाला. त्याच्यासोबत निघताना जनकाचा आवाज ऐकला, पोरीला सांगत होती — "बाजारातून दोरा गाठवून येईपर्यंत तुह्याजवळच ठेव. तुह्या आबाच्या कपाटात नको."