जुना सर्व्हर सोडण्याआधी

मंगळवार, ४ मार्च
आजही नव्या सर्व्हरवर माहिती उतरवणारं सिंक अडकलं! चार जुने सर्व्हर काढून चार नवे लावायचे, एवढंच काम. पण त्यांच्या मेमरीत सगळ्या रक्तपेढ्यांचा ताजा साठा आहे – कोणत्या गटाच्या किती पिशव्या, कुठे. या माहितीचा प्रत्येक तुकडा दोन जागी: एक मूळ, एक बॅकअप. नवे सर्व्हर जोडले की तुकड्यांची फेरवाटणी होते. मूळ प्रती भराभर सरकतात. बॅकअप मागून रेंगाळत येतात.

साहेबांनी पडद्यावरचा हिरवा रंग पाहिला. "झालं की! काढा जुने."

मी नाही म्हटलं. तो हिरवा फक्त मूळ प्रतींचा.

"बाई, घरी कुलूप लावल्यावर चारदा ओढून बघता ना तुम्ही?"

बघते.

बुधवार, ५ मार्च
दादाचा फोन. पक्षाघातानंतर बाबांना एकटं ठेवता येत नाही – उठायला जातात आणि पडतात. म्हणून महिना त्याच्याकडे, महिना माझ्याकडे. "शुक्रवारी दुपारी आणतो. मला लगेच पुढची गाडी पकडायचीय. असशील ना घरी?"

असेन म्हटलं.

मागून बाबा. हल्ली शब्द अडखळतात, टोमणा मात्र स्वच्छ येतो – "पावती घे रे माझी!"

गुरुवार, ६ मार्च
बॅकअप अजून अर्धेच. साहेब ऐकेनात – उद्या दुपारी जुने काढायचेच. म्हणजे मला इथेच थांबावं लागणार. दादाला निरोप पाठवला: उद्या नको, शनिवारी आण. चला, एक घोर मिटला.

झोप नाही. एक तुकडा हरवला तर जुनाच आकडा राहील, कुठेतरी नसलेली पिशवी आहे म्हणून दिसेल, आणि कोणीतरी ती आणायला धावेल.

शुक्रवार, ७ मार्च
झालं!! साहेबांना अडवून धरलं. नव्याकडून 'मिळालं' असं उत्तर येईपर्यंत जुन्याने हातातलं सोडायचं नाही – बस्स. चिडले, पण थांबले. सगळे बॅकअप पोचल्यावरच पहिला जुना काढला, आणि तेवढ्यात एक नवा कोसळला! सगळे गार. पण त्याच्या तुकड्यांचे बॅकअप दुसरीकडे तयार होते, त्यांनी काम उचललं. एक पिशवीही इकडची तिकडे नाही.

साहेब स्वतः चहा घेऊन आले. "ओढत जा बाई कुलपं!"

शुक्रवार संध्याकाळ, घरी जाताना टॅक्सीत
अनोळखी नंबर. दादा. "बाबा जेवले का गं? दुपारी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं, खुर्चीत बसवलं. तू खाली गेली असशील म्हटलं, गाडी चुकत होती, निघालो. माझा फोन कालपासून बंद पडलाय, गाडीतल्या शेजारच्या प्रवाशाच्या फोनवरून बोलतोय."

माझा निरोप पाहिला. पोचलेलाच नाही.

गाडी सिग्नलला अडकलीय. घरचा फोन वाजतोय. कोणी उचलत नाही.