वाघोबाच्या दगडापर्यंत

१० नोव्हेंबर
मुलं यायच्या आत अंगणवाडीच्या काट्यावर उभी राहिले. ५३.२. लघवीची पांढरी गोळी घेतली. नाडी ७२. शाळेच्या पायऱ्या दोनदा, न थांबता. गेल्या साली एकदा चढतानाही भिंत धरावी लागे.
मुंबईला मांडीतून नळी घालून हृदयाची आकसलेली झडप फुग्यानं उघडली, त्याला चौदा महिने झाले. माहेरी आयला बघून दोन वर्षं. वर डोंगरावर ती, खाली पायथ्याला मी, मध्ये नुसता एक घाट.

१३ नोव्हें.
शहापूर. दर एकवीस दिवसांनी घ्यायचं इंजेक्शन. कंबर ठणकतेय.
डॉक्टर मॅडमना विचारलं, माहेरी चढून जाऊ का? वर हवा विरळ असेल अशी मला भीती. हसल्या. "तीन हजार फुटांवर हवेत फारसा फरक पडत नाही. चढाचं बघ. छाती धावायला लागली की झडपेतून रक्त पुढे सरकायला सवड मिळत नाही, मागे फुप्फुसात साठतं. नाडी शंभरावर गेली की बसायचं. मीठ खात नाहीस ना?"
नाही म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.
गाडीनं का जात नाहीस, असंही विचारलं. गाडी माळशेजावरून फिरून जाणार, उतरल्यावर तासाची चाल आणि दोन टेकाडं. ती टेकाडं कुणी हिशेबात धरतच नाही.

१६ नोव्हें.
दादाचा फोन. वर एकाच खडकावर रेंज येते, तिथे आयला नेऊन उभं केलं होतं. इतकी ओरडून बोलते की फोन नसता तरी चाललं असतं. "माजे गुडगे गेले, तुजी छाती गेली. तू निम्म्यावर ये गो, मी निम्म्यावर येते."
निम्म्यावर म्हणजे वाघोबाचा दगड. येणाराजाणारा तिथे एक डहाळी ठेवतो. माझं लग्न झालं तेव्हा आय तिथपर्यंत पोचवायला आली आणि वळली. दगडाच्या खाली कुणाची आई उतरत नाही, रीतच आहे तशी.
३० तारीख ठरली. रविवार.

२१ नोव्हें.
बाजाराला वरची माणसं उतरली, त्यांच्याबरोबर आयनं बरणी धाडली. करवंदाचं लोणचं. झाकणाला तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली. एकच करवंद खाल्लं. मग अजून एक. मग भाकरी घेऊनच बसले.
मीठ कमी खा म्हणून गावातल्या बायांना मीच सांगते. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

२५ नोव्हें.
५४.१. बरणी अर्धी झाली. नुसता खार चाटला तरी आयच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटतं. काय करू.

२८ नोव्हें.
५५. काटा बिघडला असेल म्हणून दुकानातली पाच किलोची सीलबंद तांदळाची पिशवी ठेवून बघितली. बरोबर पाच. काट्याला बोल लावायची सोय नाही.
संध्याकाळी चप्पल घट्ट झाली. आडवं पडलं की दम लागतो, उशाला दुसरी उशी घेतली. वजन असं भरभर वाढलं तर लगेच फोन करायचा, हे मॅडमनी वहीत लिहून दिलंय. केला तर जाऊ नको म्हणतील. परवा कळवते.

३० नोव्हें.
पांढरी गोळी आज घेतली नाही. वाटेवर गवत कापणारे गडी, आडोसा कुठे शोधत बसू?
सोबत हे होते. पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्याला नाडी ११०, बसले. तिसऱ्याला खोकला सुरू झाला तो थांबेना, छातीत पाणी खळखळल्यासारखं. यांनी हात धरून खाली बसवलं. "आता एक पाऊल नाय टाकायचं."
वर दगडाशेजारी आय दिसत होती. हिरवं लुगडं, काठी, मागे दादा. हाक आली, "येतेस का गोऽ?"
मला ओ देता येईना. यांनीच ओरडून सांगितलं. मग, "बस तिथंच. नको येऊ. दिसतेस मला."
तिला लांबचं दिसत नाही. मोतीबिंदू आहे.

३ डिसेंबर
शहापूरला दवाखान्यात. शिरेतून इंजेक्शनं, ऑक्सिजन, दोन दिवसांत तीन किलो पाणी गेलं. मॅडम रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "झडप उघडली म्हणून फुप्फुसं लगेच सुधारत नाहीत. इतकी वर्षं तुंबलेली, त्यांना वेळ दे. काय खाल्लंस?"
सांगितलं. गोळीचंही.
यांना म्हटलं, लोणच्याचं आयच्या कानावर जाता कामा नये. हे नुसते मान हलवून बाहेर गेले.

९ डिसें.
घरी. ५२.६. दादाचा फोन. आयनं त्या दिवशी दोन डहाळ्या ठेवल्या म्हणे, एक माझ्या नावाची. वर जाताना चार ठिकाणी बसली, शेवटच्या चढाला त्यानं पाठीवर घेतली. पाठीवर म्हणत होती, "पोर बारीक झाली."
बारीक कुठली. पाण्यानं फुगले होते.

१४ डिसें.
५२.८. गोळी घेतली. नाडी ७४.
दुसरी बरणी आली. आवडलं म्हणून कळवलं होतं मीच. उघडली नाही. फडताळात आहे, चिंधी सोडून उशाशी ठेवली.
दुपारी आयचा फोन. "तू तिसऱ्या वळणापातूर येतेस ना? मग संक्रांतीनंतर मी तिथं येते."
"दगडाच्या खाली? आणि रीत?"
"ज्यांनी रीत केली त्यांच्या पोरींच्या छात्या बऱ्या होत्या."
"परत वर कशी चढशील, आये?"
"ते मागनं बघू. तू ये तर आधी."
मग दादाला विचारलं, वर नेता येईल का तिला? तो म्हणाला, "तिसऱ्या वळणापासनं? माज्यानं नाय होणार." आय बाजूलाच उभी होती, तिनं ऐकलं असणार.
मी तिला येऊ नको म्हणायला हवं होतं. फोन चालू होता, ती वाट बघत होती, आणि मी म्हटलं नाही.