समिती, मांडव आणि मल्लम्माचं ऊन

२० एप्रिल
सरपंच बालाजी सकाळीच दारात. म्हणे, संसदेची समिती ताडकळसला येणार! हवामान बदलाचं देशाचं धोरण कसं असावं, उन्हाच्या लाटेला कायद्यात आपत्ती म्हणायचं का — लोकांना विचारणार. "अप्पा, तुमी बोला. काकूचं सांगा." हो म्हटलं. पण याचं काहीतरी शिजतंय. निवडणूक जवळ आली की याला दुसऱ्यांची मेलेली माणसं आठवतात.

२२ एप्रिल
आज आमच्या हिला, मल्लम्माला, जाऊन वर्ष झालं. समाधीवर बेल वाहिला.

शेतात हळद वेचता वेचता भर दुपारी कोसळली. अंगाला हात लावला तर चटका! डॉक्टरनं लिहिलं — हृदय बंद पडलं. अहो, हृदय सगळ्यांचंच बंद पडतं. ऊन कुठं गेलं? कागदावर नाही, म्हणजे ती उन्हानं गेलीच नाही. समितीला एवढंच सांगायचंय, तुमच्या कायद्यात उन्हाचं नाव घाला.

सून अनुपमा म्हणाली, "मामा, समिती नुसती शिफारस करती. सरकार ऐकंलच असं न्हाई." हिला कुणी पढवलं?

२५ एप्रिल
बालाजी मांडव घालायला पूर्णा गावच्या माणसाला सांगत होता! का? गावात माझं मांडवाचं दुकान असताना? काहीतरी ढिसाळ उभं करून ऐनवेळी फजिती करायचा डाव दिसतो, म्हणजे माझं बोलणं राहील बाजूला. बजावून आलो, मांडव मीच घालणार, एक पैसा घेणार नाही. दुहेरी कापड, वाळ्याचे ओले पडदे, दुकानातले सगळे कूलर. दिल्लीची माणसं आपल्या दारी घामाघूम बसली तर गावाची काय अब्रू राहील!

अनुपमा म्हणाली, "एवढे कूलर कशाला मामा?" हिला भाडं बुडालेलं दिसतंय.

२८ एप्रिल
समिती येऊन गेली.

पहाटेपासून सडा मारला. मांडवात असा गारवा की बाहेरचे लोक आत यायला धडपडत होते. पन्हं दिलं. रीतीप्रमाणे सगळ्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. शालीही मीच आणल्या, चांगल्या जाड. हलक्या देऊन नाव घालवायचं नव्हतं.

मग उभा राहिलो. मल्लम्माचं सांगायला लागलो. समोर अध्यक्ष बसलेले. मधेच त्यांनी शाल अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली. आणि तेवढ्यात — बालाजी त्यांच्या कानाला लागला! काहीतरी कुजबुजला. ते हसले, मान हलवली. माझं बोलणं चालू असताना!

काय सांगितलं असेल? म्हातारा भ्रमिष्ट झालाय, असंच असणार.

२९ एप्रिल
बालाजीला विचारलं. "काय न्हाई अप्पा, असंच." असंच!

३ ऑगस्ट
अधिवेशन चालू आहे. रोज टीव्ही लावून बसतो. अहवालाचं नाव नाही. दाबला की काय? अनुपमा म्हणते, वेळ लागतो. हिला सगळं माहीत असतं.

११ डिसेंबर
अहवाल संसदेत मांडला. बालाजीनं दुकानात येऊन मोबाइलवर वाचून दाखवला. ताडकळसचं नाव आलंय! 'ग्रामस्थांनी उष्णतेशी उत्तम जुळवून घेतले आहे. एप्रिलच्या भर दुपारीही बैठकीत उकाडा जाणवला नाही. उष्णतेच्या लाटेची आपत्ती म्हणून वेगळी नोंद तूर्त आवश्यक वाटत नाही.'

मल्लम्माचा उल्लेखही नाही.

डोकं भणाणलं. बालाजीची गचांडी धरली. बोल, त्या दिवशी कानात काय सांगितलंस? अनुपमा सोडवायला धावली. तो रडकुंडीला आला, "अप्पा, शपथ! साहेबाला थंडी वाजायलती. मी इचारलं, कूलर बंद करू का. ते म्हणले, राहू द्या, लय बरं वाटायलंय."

१२ डिसेंबर
दुकान उघडलं नाही. मांडव माझा, पडदे माझे, कूलर माझे, शालीही माझ्याच. मल्लम्माचं ऊन मीच झाकलं.