जुना घेऊ का नवा

मालेगाव, जि. वाशिम
रविवार, १२ एप्रिल २०२६

चि. अमर,

तुले अन् वहिनीले ताईचा आशीर्वाद. इकडं बाबा अन् मी, दोघंही बरे हावोत. बाबाचं बीपी काबूत हाय, जेवण नीट हाय. ऊन असं तापून राह्यलं का दुपारी नळाखाली हात धरला तं चटका बसते. चतुराबाई भिंतीपलीकडून रोज इचारते, "अमर कई येते वं?" मी रोज सांगते, "येईन."

चिठ्ठी पाहून हसू नको. फोन काहून नाई केला ते पुढं सांगते. काकाचा जगदेव सुट्टी संपवून पुण्याले परत चालला, त्याच्या हाती धाडून राह्यली.

काम असं हाय का तुझा कॉलेजातला कम्प्युटर, जो तू मले देऊन गेला, तो आता पार थकला. चौथ्या पिढीचा आय-थ्री अन् आठ जीबी रॅम, बिचारा करन तरी काय! गेम सुरू करून चहा ठेवला तं चहा उकळून, गाळून, पिऊन होते, तवा कुठं लोडिंग संपते. मंग ऐन गोळीबारात अडकते. टीममधी तीन पोट्टे हायेत, नांदेडचा एक अन् भोपाळचे दोन. ते वरडतात, "दीदी, आप अभी तक वहीं खड़ी हो?" हो बाबू, तिथंच उभी हावो.

अन् हेडफोन मी एकाच कानाले लावते, उजव्या. डावा कान बाबाच्या गिलासाले. लकव्यानं जीभ गेली तवापासून काई पाहिजे असलं का तो स्टीलचा गिलास खाटेच्या पाइपावर वाजवते, हे तुले माहीत हाय. गेममधी डावीकडून कोनी आलं का त्याची पावलं मले ऐकूच येत नाईत. दर खेपी डावीकडूनच मरते. पोट्ट्यांले वाटते दीदीचा हेडफोन खराब हाय.

म्हणून शाहिदभाईच्या दुकानात गेली व्हती, स्टँडजवळच्या. त्यानं दोन रस्ते सांगितले. एक, हाच मदरबोर्ड ठेवाचा, त्याच्यावर सेकंडहँड आय-सेवन प्रोसेसर बसवाचा अन् एक वापरलेलं ग्राफिक्स कार्ड टाकाचं. स्वस्तात काम. पण तो वर्षभर ढकलाचा मामला, कारण त्या बोर्डावर त्याच्या वरचं काई बसतच नाई. दुसरा रस्ता म्हणजे सगळंच बदला. रायझन ७६०० प्रोसेसर, नवा बोर्ड, नवी रॅम, करंट देणारा एसएमपीएससुद्धा. रॅमचे भाव सध्या सोन्यासंग शर्यत लावून राह्यले, खर्च दाबून येते. पण मंग पुढं त्याच बोर्डावर नुसता प्रोसेसर बदलत राहा, सात-आठ वर्षं कुठं जायचं काम नाई.

मी म्हटलं, दोनातला कोणता घेऊ? तं तो म्हणे, "ताई, पहले ये बताओ, कितने साल चलाना है?"

अमर, एवढा साधा प्रश्न, अन् मी त्या स्टुलावर बसून बोटावर वर्षं मोजत राह्यली. मागं गिऱ्हाईक खोळंबले. शेवटी म्हटलं, "भाऊले इचारून सांगते." त्याले वाटलं पैशासाठी इचारून राह्यली.

आता फोनचं. आपली खोली एक. बाबाची जीभ गेली, कान नाई गेले. मागं एकदा मी चतुराबाईले "थकली बाप्पा" म्हटलं, तं त्या दिवशी तो जेवलाच नाई, तोंड फिरवून पडला. अन् तुझा फोन सदानकदा गाडीत स्पीकरवर. मी बोलू कुठं?

तू म्हटलं व्हतं, "ताई, दोन वर्षं काढ, मोठं घर झालं का बाबाले नेतो." मी हिशेब नव्हता मांगितला, तूच बोलला व्हता. तिसरंही सरलं. दिवाळीत घर झालं. तू वास्तूचे फोटो धाडले, तं बाबानं तुझ्या बाल्कनीवर बोट ठेवलं, मंग आपल्या खाटेवर ठेवलं. खाट तिथं लावाची म्हणे! दोन दिवस मले तेच दाखवे.

अजून एक. मार्चमधी मी फाईल आणाले वाशिमच्या दवाखान्यात गेली असं तुले सांगितलं, ते खोटं व्हतं. अकोल्याले इंटरव्ह्यूले गेली व्हती. एका संस्थेत पोरींले कम्प्युटर हार्डवेअर शिकवाचं हाय. त्यायनं मले घेतलं, अमर. पंधरा जूनपासून. तीस एप्रिलच्या आत होकार द्या म्हणतात.

मी चौतिशीची झाली. बाबाचा मले राग नाई, त्याचं मी आनंदानं केलं. राग तुझा येते. लिवूनच टाकते, नाईतं पोटात सडते.

तुले सोपं करून देते. फोन करू नको. नुसता मेसेज टाक. "जुना" लिवलं तं मी समजीन का जूनमधी तू बाबाले न्याले येऊन राह्यला, अन् तवरक मी जुन्यावर भागवीन. "नवा" लिवलं तं तेही समजीन.

वाट पाहून राह्यली,
तुझी ताई
रंजीता


मालेगाव
रविवार, ३ मे २०२६

अमर,

पैसे भेटले. मेसेजही भेटला. "नवाच घे ताई, एकदम बेस्टवाला. बजेटचं टेन्शन नको घेऊ." अन् खाली हसणारं तोंड.

पयले वाटलं, तू नुसती पार्टांचीच बाजू वाचली, पान उलटवलंच नाई. दोन दिवस मी तेच धरून बसली. मंग जगदेवले फोन लावला. तो म्हणे, तू लिफ्टबाहेर उभा राहून दोन्ही बाजू वाचल्या. मंग मागची बाजू परत वाचली. मंग खिशात घातली अन् त्याले चहाले वर बोलावलंच नाई.

अकोल्याले कळवलं, जमत नाई म्हणून. त्या मॅडम चांगल्या हायेत. म्हणे, पुढच्या साली पाहा. मी हो म्हटलं.

काल कम्प्युटर जोडला. मीच जोडला, जन्मभर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याची पोरगी हावो. बाबाले भिंतीले टेकून बसवलं अन् त्याच्या डाव्या तळहातावर सगळे स्क्रू ठेवले. मी मांगितला का तो हात पुढं करे. प्रोसेसर बसवताना मी खटका दाबला तं तो माह्यापेक्षा जास्त घाबरला, डोळेच मिटले त्यानं. एकही स्क्रू सांडू देल्ला नाई.

पयल्याच बटनाले सुरू झाला. बाबानं बोट करून इचारलं, कोनं देल्ला? मी म्हटलं, "अमरनं."

तो असा हसला अमर, लकव्यानंतर मी त्याले तसं हसताना पाह्यलं नव्हतं. गिलास वाजवून वाजवून चतुराबाईले बोलावलं. कम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला, मंग आपल्या छातीवर ठेवला. माह्या पोरानं देल्ला! दूधवाला आला, त्यालेही दाखवलं. आज सकाळपासून जो येते त्याले तेच चालू हाय. त्याले खरं सांगाची हिंमत माह्यात नाई अन् तुह्यातही नाई. बहीणभावात एवढं तरी सारखं निघालं.

गेम मख्खन चालते. कुठंच अडकत नाई. भोपाळवाला पोट्टा म्हणे, "दीदी, अब तो मशीन टॉप है, फिर लेफ्ट से कैसे मर गई?"

शाहिदभाई म्हणे, "ताई, अब आठ साल देखना नहीं." तुले कळवावं म्हणून लिवलं. दुसरं काई नाई.

बाबाले म्हटलं, अमरले चिठ्ठी लिवून राह्यली. त्यानं पेन मांगितला. खाली डाव्या हातानं जी वाकडी रेघ मारली हाय, ती रेघ नाई, ते तुझं नाव हाय. त्याले दहा मिनिटं लागली.

इथंच असणारी,
रंजीता