तांबडीचं दुखणं

४ मे १९८६, रविवार

बेटेगावात बिऱ्हाड लागलं. ह्यांना बोईसरला कारखान्यात पॅकिंगची नोकरी आणि मला पहिल्यांदाच स्वतःचं अंगण. दोन खोल्या, वर कौलं, मागे शेवगा. शेजारच्या गोदूबाई लगेच एक तांबडी कोंबडी घेऊन आल्या. "नवा घर हाय, अंगणात काय तरी फिरता दिसाया पायजे," म्हणाल्या. विहीर त्यांच्या वाडीत, जरा लांब. म्हणून ह्यांनी नाक्यावरच्या भंगारवाल्याकडून निळं पिंप आणलं. राखेनं घासून मागच्या दारी ठेवलं. पहाटे ह्यांनी भरलं की मला दिवसभर काळजी नाही. ह्यांचं चहापाणी कारखान्यातच.

९ मे, शुक्रवार

तांबडीने आज अंडं घातलं नाही. पंख पाडून बसली आहे, चोचीतून लाळ गळते, उठली की पाय लटपटतात. गोदूबाईंनी तिची मान चाचपली. मानमोडीची साथ नाही म्हणाल्या. तशी असती तर त्यांच्या अकरा कोंबड्याही लोळल्या असत्या. लसूण ठेचून भरवला. ओकली.

१० मे, शनिवार

टोपलीत घालून पालघरला गुरांच्या डॉक्टरांकडे नेली. तिचे डोळे पाहून त्यांनी विचारलं, जवळपास कुठे फवारणी झाली का? मे महिन्यात कसली फवारणी, शेतं कोरडी पडली आहेत. पुडी दिली आणि ती काय खाते, काय पिते ते बघा म्हणाले. घरी येऊन कण्या ताटात पसरून निवडल्या, परसातला पाला पाहिला. काहीच सापडलं नाही. उन्हातून आल्यापासून मलाही मळमळतं आहे.

१३ मे, मंगळवार

सातपाटीला ह्यांच्या मित्राकडे, नवशाकडे, दोन दिवस राहून आलो. तांबडीला गोदूबाईंकडे ठेवलं होतं, कण्या आमच्याच दिल्या होत्या. परत आलो तर ती उकिरडा उकरत होती. मलाही तिकडे बरं वाटलं. "तुमच्या घरानच काय तरी हाय, बाय," गोदूबाई हसून म्हणाल्या. मला ते आवडलं नाही.

१५ मे, गुरुवार

तांबडी पुन्हा पडली. पाय ताठ, नुसते डोळे हलतात. माझ्या पापण्या आपोआप फडफडतात. भर दुपारी घर अंधारल्यासारखं दिसतं. ह्यांना सांगितलं. उन्हाळ्याचं आहे, पाणी जास्त पी म्हणाले. प्यायले.

१७ मे, शनिवार, सकाळ

तांबडी मेली. ह्यांनी शेवग्याखाली पुरली आणि कामावर गेले. आज गोदूबाईंच्या लेकीचं, पारूचं लग्न. पाहुण्यांना माठांतलं पाणी पुरायचं नाही, म्हणून जाताना ह्यांनीच आमचं भरलेलं पिंप त्यांच्या बैलगाडीत चढवून दिलं. मला उठवत नव्हतं.

पडल्या पडल्या एकच विचार. कण्या आमच्याच, तरी ती तिकडे बरी झाली. पाणीही त्याच विहिरीचं. फक्त त्यांचं माठातलं. आणि आमचं —

पिंपाखाली ठिबकायचं तिथेच ती दिवसभर चोच लावून असायची.

आत आधी काय होतं ते आम्ही भंगारवाल्याला विचारलंच नाही.

नंतर

उंबऱ्यापर्यंत सरकले. पुढे पाय येत नाहीत. हाक मारली — लाळच आली. वाजंत्री सुरू आहे. मांडव इथून दिसतो. पिंपाला आंब्याचा टहाळा बांधलाय. पोरं पेले घेऊन —

कुणीतरी वळून बघावं म्हणून ताटली फेकली. अंगणातच पडली.

गोदूबाईंची जाऊ रखमा मला बोलवायला आली. वही दाखवली. तिला वाचता येत नाही. मांडवाकडे बोट केलं, मग तोंडाकडे, मग हात हलवून नको, नको —

"पाणी होवा? थांब बाय, आनतंय."

पळत गेली. पिंपाकडे.

तांब्या भरला. वाटेत स्वतःही दोन घोट —

आली. जवळ बसली. मी तोंड मिटून घेतलंय. "थोडा पी, बाय" म्हणते. डोक्यावरून हात फिरवते. हातात जोर नाही, तांब्या ढकलता — तिने हनुवटी धरली, ओठ उघ